वेईंच्या घरातला रिकामा देव्हारा

किलुंग बंदराच्या डोंगरवस्तीत ल्याओ सुयुनला लोक दोन कारणांनी ओळखत. अर्ध्या वस्तीतल्या बायकांचे केस तिनं कापले होते आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीची भांडणं तिनं मिटवली होती.

भांडणं मिटवायचा नाद तिला दुकानातच लागला. एकदा खुर्चीत एक घरमालकीण बसली होती, डोक्याला काळा रंग थापलेला. नेमकी तिचीच भाडेकरीण दारात येऊन उभी राहिली. तिच्या खोलीचा नळ मालकिणीनं बंद केला होता आणि ती शब्दाला शब्द वाढवायच्या तयारीनंच आली होती. मालकीण उठायला लागली, तशी सुयुननं तिचे खांदे धरून तिला खाली दाबलं. "ताई, रंग ओला आहे. आता उठलात तर कपाळ काळं होईल. बसा, आणि हिचं ऐका." रंग वाळेपर्यंत दोघींना एकमेकींचं ऐकावंच लागलं. केस धुऊन होईतो नळ सुरू करायचं ठरलं होतं. ही गोष्ट वस्तीच्या मुखियापर्यंत गेली आणि पुढच्या वर्षी त्यानं वॉर्ड ऑफिसच्या तडजोड समितीत तिचं नाव घातलं.

समितीच्या कामाचा मोबदला म्हणजे चहा आणि बसभाडं, बाकी काही नाही. पण सुयुननं ते मनापासून धरलं. हात थरथरायला लागल्यावर तिनं कात्री ठेवली, समिती सोडली नाही. कोर्टात जाण्याआधी मालक आणि भाडेकरू तिच्यासमोर येत. कुणाचं छत गळत असे, कुणी खोलीत कोंबडे पाळलेले असत, कुणी न सांगता कुलूप बदललेलं असे. तिची एकच अट असे: बैठकीआधी ती ते घर बघून येई. बाकीचे सभासद हसत. "सुयुनताई, अर्जात सगळं लिहिलंय की." ती म्हणे, "अर्जात भांडण लिहिलेलं असतं. ते कशावरून लागलं ते घरात दिसतं."

वेईंच्या बाबतीत मात्र तिची ही अट मोडली. त्या आठवड्यात तिचा नवरा पाय मुरगळून घरी बसला होता. त्याच्या मागे धावताना तिला घर बघायला जमलं नाही आणि ती थेट बैठकीलाच गेली.

अर्ज घरमालकाचा होता, हेच आधी नवल. वेई छांगफा म्हणजे सत्तरीचा, मऊ बोलणारा, एके काळी बंदरात दोर ओढलेला माणूस. डोंगराच्या पायथ्याला त्याच्या बापानं बांधलेलं तीन मजली घर होतं. खाली तो एकटा राहायचा. सगळ्यात वरचा मजला रिकामा होता, आणि मधल्या मजल्यावर हुंग बीयिंग आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू. बीयिंग बाजारात माशाच्या गोळ्यांचं सूप विकायची. नवरा गेल्यावरही तिनं सासूला टाकलं नव्हतं. तिची जीभ सुरीसारखी होती आणि तिला ते ठाऊक होतं. करार संपायला अजून दीड वर्ष होतं, आणि वेईचं म्हणणं एवढंच की तिनं आत्ताच्या आत्ता घर सोडावं.

"कारण?" सुयुननं विचारलं.

"पुतण्याचं लग्न आहे. त्याला जागा लागेल."

बीयिंग हसली. "पुतण्या? मागच्या महिन्यात म्हणालात दुरुस्ती काढायची आहे. त्याआधी म्हणालात, आजी रात्रभर कण्हतात, झोप लागत नाही. अहो मालक, एक काय ते ठरवा आणि मग खोटं बोला."

वेई खाली बघत होता. "सामान मी हलवून देतो. दुसरी जागा शोधून देतो. बीयिंगबाई, हात जोडतो, पण जा."

"हात जोडा नाहीतर पाय. आजींना उचलून मी कुठं दारोदार हिंडू? कायदा माझ्या बाजूनं आहे. हो की नाही हो, सुयुनताई?"

कायदा तिच्याच बाजूनं होता, आणि सुयुननं तसं सांगितलं. वेईनं मान डोलावली. तो वाद घालेना, आवाज चढवेना. बाहेर पडताना त्यानं जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि क्षणभर तसाच उभा राहिला, कठडा नीट पक्का आहे की नाही हे बघत असल्यासारखा.

भाडेकरूला काढू बघणारे मालक सुयुननं ढिगानं पाहिले होते. ते तावातावानं बोलतात, वकिलाचं नाव घेतात, वीज तोडतात. हा माणूस विनवण्या करत होता. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. पाय उशीवर ठेवून तो टीव्ही बघत होता. "घाबरलाय तो," नवरा म्हणाला. "बीयिंगच्या जिभेला कोण नाही घाबरत?"

"जिभेला नाही," सुयुन म्हणाली. "दुसऱ्याच कशाला तरी."

दुसऱ्या दिवशी ती पायऱ्या चढून वर गेली. थडगी झाडायचा सण जवळ आला होता. डोंगरावरच्या कबरींतलं गवत कापायला माणसं विळे घेऊन वर चालली होती. बरेच दिवस पाऊस नव्हता. किलुंगला असं ऊन पडलं की लोक गाद्या बाहेर काढतात. सगळ्या गल्लीत गाद्या वाळत होत्या.

बीयिंगनं दार उघडलं, तेही खांदा लावून. "हे असंच अडतं. मालकानं दोनदा रंधा मारला, तरी अडतं." न्हाणीघराचं दार तर आता लागतच नव्हतं, तिथं पडदा लावलेला. स्वयंपाकघरात फरशीला एक भेग गेली होती आणि ती ओट्याखालून भिंतीवर चढली होती. "जुनं घर आहे," बीयिंग म्हणाली. "माझ्यासारखं."

सासूची खोली मागच्या अंगाला. खिडकीबाहेर हातभरावर डोंगराला रेटून धरणारी दगडी भिंत. पाणी निचरायला तिच्यात नळ्या बसवलेल्या. सगळीकडं कोरडं असताना त्यांतल्या एका नळीतून पाणी गळत होतं, तांबूस आणि गढूळ.

म्हातारीनं सुयुनचा हात धरला. तिचे डोळे गेले होते. "कोण? केस कापणारी का? ये पोरी, बस. तुलाही ऐकू येतं का ते?"

"काय, आजी?"

"डोंगर घोरतो. आधी पहाटे घोरायचा. आता दिवसाही."

"मेलेला मुलगाही येऊन बोलतो त्यांच्याशी," बीयिंग दारातून म्हणाली. पण म्हणताना तिनं नजर चुकवली. सुयुननं भिंतीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग खोलवर कुठंतरी बारीक खरखर झाली, उखळात वाळू फिरवावी तशी, आणि थांबली.

ती खाली उतरली. वेईनं तिला आत घेतलं, चहा ओतला. पुढच्या खोलीत भिंतीशी देव्हारा होता. समुद्रदेवीची तसबीर जागेवर होती, भूमीदेव होता, फळं होती. शेजारची पूर्वजांची जागा मात्र मोकळी होती. कित्येक वर्षांच्या उदबत्त्यांनी भिंत काळवंडलेली, आणि त्या काळवंडीत पूर्वजांची नावं कोरलेल्या लाकडी पाटीच्या आकाराचा एक स्वच्छ पांढरा चौकोन उरला होता. समोरची उदबत्तीच्या राखेची वाटीही नव्हती.

सुयुनच्या हातातला पेला तसाच राहिला. पूर्वजांची पाटी कुणी अशी सहज हलवत नाही. मुहूर्त बघतात, कौल लावतात, भाऊबंदांना बोलावतात, काळ्या छत्रीखाली पाटी धरून वाटेत प्रत्येक वळणावर वाडवडिलांना हाक मारत नेतात. वेईच्या घरी असं काही झाल्याचं वस्तीत कुणी ऐकलं नव्हतं.

"वेईदादा, वाडवडील कुठं आहेत?"

"बहिणीकडं. तिचं घर नवं आहे."

"कधी नेलंत?"

त्यानं तिच्या भरल्या पेल्यात पुन्हा चहा ओतला.

"मेलेल्यांना आधी हलवलंत," सुयुन म्हणाली, "आणि जिवंत अजून वरच आहेत."

वेईचा चेहरा असा गळून पडला की तिला आपल्याच बोलण्याची भीती वाटली. मग तो बोलला. बापानं घर बांधताना डोंगराचा पाय कापला होता. मागच्या दगडी भिंतीत दरवर्षी भेग पडे, दरवर्षी तो सिमेंट भरे. चाळीस वर्षं हेच चाललेलं. गेल्या शरदात भरलेलं सिमेंट नववर्षाला गळून पडलं आणि भेगेत हात जाऊ लागला.

"ऑफिसात कळवलं नाहीत?"

"कळवलं की घर रिकामं करायची लाल नोटीस. फक्त माझ्याच घरावर नाही, अख्ख्या ओळीवर. शेजाऱ्यांच्या लेकराबाळांसकट सगळे रस्त्यावर. आणि उद्या डोंगर नाही पडला तर? चाळीस वर्षं नाही पडला. मला वाटलं बीयिंगबाई गेल्या की मी एकटाच. मी इथंच झोपतो, ताई. मी कुठं जात नाही."

"तिला खरं सांगा. आज. आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर ऑफिसात चला."

त्यानं मान डोलावली, अगदी बैठकीत डोलावली होती तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सुयुन ऑफिसच्या दारात वाट बघत बसली. तो आला नाही.

ती एकटीच आत गेली. खिडकीवरच्या पोरीनं ऐकून घेतलं, टिपून घेतलं, आणि म्हणाली, "उद्यापासून सुट्टी आहे, आजी. इंजिनिअर सुट्टीनंतर येतील. घरमालकाची तक्रार आहे का?" सुयुन म्हणाली, "नाही. माझी आहे." पोरगी म्हणाली, "तुम्ही तिथं राहता का?" सुयुननं तरी तक्रारीखाली आपलं नाव लिहून दिलं.

सणाच्या दिवशी सकाळी ती पुन्हा पायऱ्या चढली. वेईनं वर काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हा मग तिनंच सांगितलं. तडजोडीत एकाचं खासगीत ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही हा समितीचा नियम. तो तिनं त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.

बीयिंग माशाचे गोळे वळत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. मग ती हळूच म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

"बीयिंग, ऐक."

"नाही, तुम्हीसुद्धा, ताई? पुतण्या झाला, दुरुस्ती झाली, आता डोंगर. छान. काय कबूल केलंय त्यानं तुम्हाला? माझ्या लग्नात माझे केस तुम्ही बांधले होते, लाज कशी वाटली नाही? जा त्याला सांगा, डोंगर पडला तर मी खांद्यावर घेईन, पण घर सोडणार नाही."

सुयुननं चपला काढल्या आणि कोपऱ्यातलं स्टूल उचललं.

"कुठं चाललात?"

"आजींजवळ बसते. तुझा विश्वास बसेपर्यंत."

"बसा, म्हाताऱ्या व्हा तिथंच!" बीयिंग ओरडली.

सुयुन मागच्या भिंतीला पाठ लावून बसली. आजींना गारठा लागू नये म्हणून तिनं दार लोटून घेतलं. पाठीला भिंत गार लागत होती, अंगाला अंग लागावं तशी जवळ. डोंगरावरून फटाक्यांचे आवाज येत होते. लोक कबरींपुढं मेलेल्यांसाठी कागदी नाणी जाळत होते, धुराचा वास खिडकीतून आत येत होता. आजी आपल्या लहानपणचं काहीतरी बडबडत होती. अधूनमधून बीयिंग दाराबाहेर येऊन उभी राही. तिची पावलं ऐकू येत. एकदा तिनं बाहेरूनच विचारलं, "चहा घेणार का?" सुयुन म्हणाली, "घेईन." बीयिंग चहा घेऊन आली नाही, पण दारापासून हललीही नाही.

आजी बोलता बोलता थांबली. "आता जागा झाला," ती म्हणाली.

आधी न्हाणीघरातल्या फरश्या तडतडल्या, लाह्या फुटाव्यात तशा. मग भिंतीनं सुयुनच्या पाठीला एक धक्का दिला, फार मोठा नाही, गर्दीत कुणी ढकलावं एवढाच. छतातून पांढरी भुकटी पडली. आणि मग सगळं पुन्हा शांत झालं. ती शांतता आवाजापेक्षा वाईट होती.

सुयुन उठली आणि दार ओढलं. दार हलेना. चौकट तिरपी होऊन ते तिच्यात रुतलं होतं.

"ताई!" बाहेरून बीयिंग दार बडवू लागली. "ताई, उघडा! आई! अहो मालक! मालक, वर या हो!"

वेई जिना चढून आला तो हातात पहार घेऊनच. बहुधा ती गेले कित्येक दिवस त्याच्या दाराशीच ठेवलेली असावी. त्यानं बिजागऱ्या उखडल्या, दार आत पाडलं. धुळीनं माखलेला तो उंबऱ्यात उभा राहिला, बीयिंगकडं बघितलं आणि म्हणाला, "माझ्या तोंडून निघालं नाही. मला क्षमा करू नका, पण आजींना माझ्या पाठीवर द्या."

बीयिंगनं सासूला उचलून त्याच्या पाठीवर दिलं आणि चादरीनं बांधलं. सत्तरीचा तो माणूस म्हातारीला पाठुंगळी घेऊन जिना उतरला, मग गल्लीच्या दगडी पायऱ्या उतरला, एक हात भिंतीला टेकत. आजी त्याच्या कानाशी विचारत होती, "कोण रे तू? माझा मुलगा का?" आणि तो म्हणत होता, "हो आई. धरून बसा."

त्यांनी तिला खालच्या देवळाच्या ओसरीवर निजवलं. डोंगर त्या दिवशी पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बीयिंगला वाटायला लागलं की आपण उगाच घाबरलो. तिचं सूप उकळायचं मोठं पातेलं वर राहिलं होतं, त्याच्याशिवाय तिचा धंदा बंद. ती निघाली, तेव्हा सुयुन पायऱ्यांवर आडवी उभी राहिली. दोघींची जुंपली. वेई बाजूनं निघून गेला, "घर माझं आहे," एवढंच म्हणत. तो आत होता तेवढा वेळ दोघी भांडण विसरून घराकडं बघत उभ्या होत्या. तो पातेलं घेऊन परत आला आणि बीयिंगनं ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

सुट्टी संपल्यावर इंजिनिअर आले. मागची भिंत बघून ते आपापसांत हळू बोलू लागले आणि संध्याकाळच्या आत अख्ख्या ओळीवर लाल नोटिसा लागल्या. शेजाऱ्यांनी वेईला नाही, सुयुनला शिव्या घातल्या. "तुला कुणी विचारलं होतं? बीयिंगचं भांडण मिटवायचं सोडून आमची घरं का मिटवलीस?" ज्या बाईचा नळ तिनं रंगाच्या वाटीवर सुरू करवला होता, तीही रस्त्यात थुंकून बाजूला झाली.

घर पडलं ते ऐन दुपारी, लख्ख उन्हात. पायथ्याच्या सुपारीवाल्यानं पाहिलं: आधी गच्चीवरची पाण्याची टाकी कलली, मग मधला मजला नमस्कार केल्यासारखा पुढं वाकला आणि त्याच्यावर तांबडी माती सावकाश येऊन बसली. आत कोणी नव्हतं.

बीयिंगनं नुकसानीसाठी वेईवर अर्ज केला. सुयुननं त्या बैठकीला बसायला नकार दिला. वेईनं सगळं कबूल केलं, पण द्यायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात तो बहिणीकडंच वारला. बीयिंग अंत्यविधीला गेली, आत गेली नाही, उदबत्ती लावली नाही. पण अंत्ययात्रेची शेवटची गाडी निघेपर्यंत मांडवाबाहेर छत्री धरून उभी होती.

डोंगराचं उरलेलं अंग अजून तिथंच आहे. सरकारी माणसं येतात, डोंगर सरकतो का ते बघायला मातीत खुपसलेल्या नळ्यांमध्ये डोकावतात, काहीतरी लिहून नेतात. भाड्याच्या घरांना कंटाळलेले शेजारी एकेक करत परत आले. आधी दिवसा कपडे वाळत घालायला आले, मग झोपायलाही. संध्याकाळी ओळीतल्या खिडक्यांत दिवे लागलेले सुयुनला आपल्या गच्चीवरून दिसतात. दर काही दिवसांनी ती खाली उतरते, पायऱ्या चढते, एकेक दार ठोठावते. आत टीव्ही चालू असतो, पण बहुतेक दारं उघडत नाहीत.

परवा एका म्हाताऱ्यानं उघडलं. "या सुयुनताई, बसा," तो म्हणाला. "नात आली आहे, केस कापून द्याल का तिचे? चहा ठेवतो. पण ती गोष्ट मात्र काढायची नाही."

सुयुन आत गेली. पोरगी मागच्या खोलीत, डोंगराकडच्या भिंतीला टेकून अभ्यास करत बसली होती.